पेशंटला काही झालं नाही, तरी इन्सिडंट रिपोर्ट भरायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीला दीड वर्ष झालेल्या एक सिस्टर, नाईट ड्युटी, रात्री दहाचं अँटिबायोटिक सात नंबर बेडच्या पेशंटचं होतं ते आठ नंबरला लागलं, दोघांचं आडनाव एकच. बरंचसं गेल्यावर लक्षात आलं, लगेच बंद केलं, ड्युटी डॉक्टरना बोलावलं, त्यांनी तपासलं, ॲलर्जी नव्हती, पेशंट ठीक. सकाळी सीनिअर म्हणाल्या की काही झालं नाही ना, मग लिहू नकोस, उगाच सगळ्यांच्या मागे चौकशी लागेल. आता त्या विचारतायत की इन्सिडंट रिपोर्ट, म्हणजे घडलेली चूक हॉस्पिटलला कळवायचा फॉर्म, लिहायचा का, लिहिला तर नोकरीवर येईल का, आणि पेशंटला सांगायचं का.

मी पंधरा वर्षं वॉर्ड आणि आयसीयूत काढली आणि त्यानंतरची अकरा वर्षं पेशंट सेफ्टीचं काम करतेय, म्हणजे असे फॉर्म भरलेही आहेत आणि हजारोंनी वाचलेही आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट विचारते जी तुमच्या प्रश्नात कुठेच आली नाही. सात नंबरला त्यांचा डोस कधी मिळाला? चुकीच्या पेशंटला औषध जातं तेव्हा चुका दोन होतात, एकाला नको ते मिळालं आणि दुसऱ्याला हवं ते मिळालं नाही. सगळं लक्ष ज्याला जास्तीचं गेलं त्याच्याकडे जातं, डॉक्टर त्याच्याकडे धावतात, बीपी त्याचा घेतला जातो, आणि शेजारचा माणूस, ज्याचं इन्फेक्शन खरं तर जास्त आहे, तो सकाळपर्यंत तसाच राहतो कारण चार्टवर कोणीतरी आधीच टिक केलेली असते. तुम्ही कदाचित दिलाही असेल उशिरा, पण नसेल तर तो डोस चुकला हे डॉक्टरांना सांगणं अजून बाकी आहे आणि ते आधी करा, बाकीचं वाचणं नंतर.

आता लिहायचं का. हो, लिहायचं. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हा नाहीये, कारण ज्यांना लिहायचंच नसतं ते विचारत नाहीत. तुम्हाला लिहायचंय आणि लिहिल्यावर आपलं काय होईल याची भीती वाटतेय. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, त्यावर खाली येतेच. त्याआधी माझीच एक गोष्ट सांगते, कारण मी फॉर्म भरला होता आणि तरीही त्याचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता.

माझं नोकरीचं तिसरं वर्ष. एका पेशंटला हेपॅरिनचं, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाचं, इन्फ्युजन चालू होतं, पंपावर ताशी 12.5 मिली ठेवायचं होतं, मी 125 ठेवलं. वीस मिनिटांनी पंपाकडे पुन्हा नजर गेली तेव्हा दिसलं. बंद केलं, डॉक्टरना सांगितलं, रात्रभर दर काही तासांनी रक्ताच्या तपासण्या झाल्या, कुठून ब्लीडिंग होतंय का ते बघत बसलो, सुदैवाने काही झालं नाही. सकाळी मी फॉर्म भरला, हात थरथरत होता, आणि मी त्यात लिहिलं की माझ्या निष्काळजीपणामुळे पंपाचा रेट चुकला, मला याबद्दल अत्यंत खेद आहे, यापुढे अशी चूक होणार नाही. बस एवढंच. मला वाटलं मी प्रामाणिकपणे लिहिलं. इन-चार्ज सिस्टरनी सही केली, मला समज दिली, फाईल बंद. साधारण वर्षभराने दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या सिस्टरकडून अगदी तशीच दहापट चूक झाली, आणि या वेळी पेशंटला ब्लीडिंग झालं. तेव्हा कुणीतरी पंप हातात घेऊन नीट बघितला. त्या मॉडेलवर दशांश चिन्हाचं बटण झिजून गेलं होतं, दाबलं तरी कधी लागायचं कधी नाही, आणि स्क्रीनवर तो टिंब इतका बारीक की रात्रीच्या मंद दिव्यात 12.5 आणि 125 मध्ये फरक दिसायचाच नाही. मला हे माहीत होतं. मी त्या रात्री ते बटण दोनदा दाबलं होतं. पण मी ते लिहिलंच नाही, कारण मला वाटलं ते लिहिणं म्हणजे सबब सांगणं.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं, माफीनामा लिहू नका, हकीकत लिहा. माफीनाम्यातून वाचणाऱ्याला फक्त एवढं कळतं की एक माणूस दुःखी आहे. हकीकतीतून कळतं की चूक कोणत्या वाटेने आली. आणि ती वाट तशीच उघडी राहिली तर पुढच्या नाईटला दुसरं कोणीतरी त्याच वाटेने जाणार, ती व्यक्ती तुमच्यापेक्षा हुशार असली तरी.

तुमच्या केसमध्ये हकीकत कशी दिसेल ते अंदाजाने लिहून दाखवते, यातलं जे तुमच्याकडे खरं नव्हतं ते काढा, जे होतं ते घाला. "रात्री 10.05 ला बेड 7 साठी तयार केलेला अमुक औषधाचा 1 ग्रॅमचा डोस बेड 8 च्या पेशंटला सुरू केला गेला. 10.30 ला बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचताना लक्षात आलं, लगेच बंद केलं, अंदाजे तीन चतुर्थांश गेलं होतं. 10.35 ला ड्युटी डॉक्टरना कळवलं, 10.45 ला त्यांनी पेशंट तपासला, पुरळ नाही, श्वासाचा त्रास नाही, बीपी आणि पल्स केस पेपरवर नोंदवले आहेत. बेड 7 चा डोस इतक्या वाजता दिला. दोन्ही पेशंटचं आडनाव एकच, बेड शेजारी. त्या वेळी वॉर्डात इतके पेशंट, दोन सिस्टर, त्यातली एक नवीन ॲडमिशन घेत होती. दोन्ही बाटल्या एकाच ट्रेमध्ये होत्या. लेबलवर फक्त आडनाव आणि औषध होतं. बेड 8 च्या मनगटावरचा आयडी बँड संध्याकाळी सलाईन लावताना कापला होता आणि परत बांधला नव्हता. पेशंटला 'तुम्ही अमुकच ना' असं विचारलं, ते हो म्हणाले."

बघा, यात खेद नाही, निष्काळजीपणा नाही, अमक्या सिस्टरने हँडओव्हर नीट दिला नाही असंही नाही, फक्त काय झालं आणि त्या वेळी आजूबाजूला काय होतं. आणि तरी वाचणाऱ्याला निदान चार जागा दिसतात जिथे काहीतरी करता येईल. शेवटचं वाक्य तर मी जवळजवळ प्रत्येक अशा रिपोर्टमध्ये शोधते. झोपेतल्या, तापातल्या, ऐकू कमी येणाऱ्या पेशंटला "तुम्ही अमुकच ना" विचारलं की तो हो म्हणतोच, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं असतं, आणि ते उत्तर बँडशी जुळवायचं, बेड नंबरशी नाही, कारण बेड बदलतात. हे आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं आणि रात्री दहाच्या औषधांच्या वेळी बावीस जणांना ते करताना आपल्यातल्या बहुतेकांकडून कुठेतरी सुटतं, मग ते लिहायला लाज का वाटावी.

दुसऱ्याचं नाव लिहायचं का असंही बरेच जण विचारतात. शक्यतो हुद्दा लिहा, ड्युटी डॉक्टर, दुसरी सिस्टर, फार्मसी. जे स्वतः पाहिलं नाही ते लिहू नका. "बहुतेक संध्याकाळच्या शिफ्टने बँड काढला असावा" यापेक्षा "10 वाजता बँड हातावर नव्हता" हे बरं.

आणि केस पेपर आणि इन्सिडंट रिपोर्ट हे दोन वेगळे कागद आहेत, ते एकमेकांत मिसळू नका. केस पेपरमध्ये पेशंटच्या उपचाराला लागणारं सगळं यायलाच हवं, काय औषध, किती, किती वाजता, कोणाला कळवलं, तपासल्यावर काय आढळलं, पुढे काय लक्ष ठेवायचं. का झालं, ट्रे कसा होता, स्टाफ किती होता हे रिपोर्टमध्ये. आणि चार्टवर आधी चुकून सात नंबरची टिक केली असेल तर खाडाखोड नको, वरून गिरवणं नको, व्हाईटनर तर मुळीच नको, एक सरळ रेघ, सही, वेळ आणि खाली नवीन नोंद ज्या वेळी लिहिताय त्या वेळेची. मी पाहिलेल्या चौकश्यांमध्ये लोक मूळ चुकीपेक्षा नंतर बदललेल्या चार्टमुळे जास्त अडकले आहेत, हे अगदी मनापासून सांगते.

आता "काही झालं नाही ना" याबद्दल. तुमच्या सीनिअर वाईट नाहीत, हे वाक्य मी स्वतः पूर्वी म्हटलेलं आहे. पण जरा विचार करा की काही का झालं नाही. आठ नंबरला त्या औषधाची ॲलर्जी नव्हती म्हणून. एवढंच. तुम्ही केलं ते सगळं तसंच्या तसं ठेवा आणि फक्त पेशंटला त्या औषधाची ॲलर्जी आहे असं धरा, तर तीच रात्र किती वेगळी गेली असती. चूक तीच, वाट तीच, फक्त नशीब वेगळं. मग नशिबावरून रिपोर्ट लिहायचा की नाही हे ठरवायचं का?

औषधांच्या चुका मोजायची एक पट्टी आहे, अमेरिकेतल्या एनसीसी मर्प नावाच्या परिषदेने 1996 मध्ये तयार केलेली, बऱ्याच देशांत वापरतात. त्यात ए पासून आय पर्यंत नऊ पायऱ्या आहेत. ए म्हणजे चूक झालीच नाही पण होऊ शकेल अशी परिस्थिती आहे, उदाहरणार्थ दोन सारख्या दिसणाऱ्या व्हायल शेजारी ठेवल्यात. बी म्हणजे चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचायच्या आत पकडली. सी म्हणजे पोचली पण अपाय नाही. डी म्हणजे पोचली आणि अपाय झाला नाही ना याची खात्री करायला जास्त लक्ष ठेवावं लागलं, तपासण्या कराव्या लागल्या. ई आणि एफ तात्पुरता अपाय, जी कायमचा, एच म्हणजे जीव वाचवायला तातडीने काही करावं लागलं, आय म्हणजे मृत्यू. माझी हेपॅरिनची चूक डी. तुमची सी, किंवा रात्रभर वेगळं मॉनिटरिंग केलं असेल तर डी. म्हणजे तुमच्यासारख्या घटनेसाठी या पट्टीवर आधीपासूनच जागा ठेवलेली आहे, नऊपैकी पहिल्या चार पायऱ्या तर अशाच आहेत ज्यात कोणालाही काहीही अपाय झालेला नाही, आणि त्या उगाच ठेवलेल्या नाहीत.

माझ्यासारख्या वाचणाऱ्याला तर ए आणि बी सगळ्यात मोलाच्या. एकदा दोन महिन्यांत पाच वेगवेगळ्या रात्रींचे पाच छोटे रिपोर्ट आले, वेगवेगळ्या सिस्टरचे, प्रत्येकात एकदोन ओळी, "चुकीची ॲम्प्युल हातात आली, वाचल्यावर लक्षात आलं, बदलली." एकेकटा रिपोर्ट वाचला तर त्यात काहीच नाही. पाच शेजारी ठेवले तर पाचही वेळा तेच एक ड्रॉवर, तीच दोन औषधं, कंपनी बदलल्यामुळे दोन्हींचा रंग सारखा झालेला. एक औषध दुसऱ्या कपाटात हलवलं, दहा मिनिटांचं काम. सहाव्या सिस्टरने वाचलं नसतं तर काय झालं असतं हे आम्हाला कधीच कळणार नाही आणि कळायला नकोच.

याचंच मोठं रूप म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. वर्षानुवर्षं ते वॉर्डच्या कपाटात साध्या औषधांच्या शेजारी असायचं, आणि कुठेकुठे ते दुसरं काहीतरी समजून दिलं गेलं आणि पेशंट गेले. प्रत्येक ठिकाणी ती एका माणसाची चूक वाटली, त्या माणसाला शिक्षा झाली, आणि बाटली तिथेच राहिली. अमेरिकेत जॉइंट कमिशनने, म्हणजे हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, अशा घटनांचे रिपोर्ट एकत्र केले आणि 1998 मध्ये त्यांचा जो पहिलाच सेफ्टी अलर्ट काढला तो याच औषधावर होता, वॉर्डातून ते काढा म्हणून. आज तुमच्या वॉर्डात ते कुलपात असेल किंवा फक्त फार्मसीतून डायल्यूट होऊन येत असेल तर त्यामागे अनोळखी लोकांनी भरलेले असलेच फॉर्म आहेत.

आता भीती. यावर प्रामाणिकपणे सांगायचं तर हे तुमच्या हॉस्पिटलवर अवलंबून आहे, आणि देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, कुठे असे रिपोर्ट कोर्टात वापरता येत नाहीत, कुठे तसं संरक्षण नाही. म्हणून कोणी तुम्हाला डोळे झाकून सांगितलं की काहीही होणार नाही तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतली एक केस बहुतेक नर्सेसना माहीत आहे, 2017 मध्ये झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं गेलं, पेशंट गेला, चूक त्या नर्सने स्वतः लगेच सांगितली होती, आणि तरी 2022 मध्ये कोर्टाने तिला दोषी ठरवलं, तुरुंगात पाठवलं नाही पण तीन वर्षं प्रोबेशन. तेव्हा नर्सेसच्या संघटनांनी हेच म्हटलं की यामुळे लोक चुका सांगायचे बंद होतील. मलाही तसंच वाटतं.

पण त्या केसमध्ये आणि तुमच्यात जमीन अस्मानाचं अंतर आहे हेही बघा. बहुतेक चांगल्या ठिकाणी आता ज्याला जस्ट कल्चर म्हणतात ते वापरतात, म्हणजे परिणाम बघून नाही तर वागणं बघून ठरवायचं. साधी मानवी चूक, घाईत बाटली उलटसुलट झाली, तर त्या माणसाला आधार द्या आणि व्यवस्था सुधारा. हळूहळू लागलेली सवय, म्हणजे बँड बघायचा राहतो आणि सगळेच तसं करतात, तर समजावा आणि ती सवय का लागली ते शोधा. आणि माहीत असून मुद्दाम धोका पत्करला, नशेत ड्युटी केली, चार्ट खोटा भरला, तिथे मात्र कारवाई. मी स्वतः एक साधा प्रश्न विचारते, याच वॉर्डात, याच रात्री, एवढ्याच स्टाफमध्ये तितक्याच अनुभवाची दुसरी चांगली सिस्टर असती तर तिच्याकडूनही हे होऊ शकलं असतं का? उत्तर हो असेल तर त्या एकीला शिक्षा करून काय मिळणार. तुमच्या बाबतीत माझं उत्तर हो आहे.

विमानवाल्यांनी हे आपल्या आधी ओळखलं. अमेरिकेत 1976 पासून वैमानिकांसाठी चुका कळवायची एक व्यवस्था आहे, ती लायसन्स देणाऱ्या खात्याकडे नाही तर नासाकडे ठेवली आहे, मुद्दाम, म्हणजे ज्याच्या हातात शिक्षा आहे त्याच्याच हातात कबुली द्यायला लागू नये. नावं काढून टाकली जातात, आणि चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर सहसा दंड होत नाही. म्हणूनच लोक लिहितात. जिथे फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी मेमो येतो तिथे कोणी लिहीत नाही. मी पूर्वी ज्या एका ठिकाणी होते तिथे एका सिस्टरला रिपोर्टवरून मेमो मिळाला, पुढच्या तीन महिन्यांत त्या मजल्यावरून एकही रिपोर्ट आला नाही, आणि मीटिंगमध्ये त्या मजल्याचं कौतुक झालं की शून्य चुका. मला तेव्हा खरंच पोटात गोळा आला होता, कारण आयसीयू होतं ते, तिथे शून्य चुका शक्यच नाहीत, फक्त शून्य कागद शक्य आहेत. त्यामुळे मॅनेजमेंटमधले कोणी हे वाचत असतील तर रिपोर्ट वाढले म्हणून वॉर्डाला बोल लावू नका, जिथून येत नाहीत तिथे जाऊन बसा.

तर तुम्ही काय बघायचं? तुमच्याकडे फॉर्म निनावी भरता येतो का, तो कोणाकडे जातो, इन-चार्जकडे की क्वालिटी विभागाकडे, आणि मागे ज्यांनी भरला त्यांचं काय झालं, हे विश्वासातल्या एखाद्या जुन्या सिस्टरला विचारा. पण तुमच्या केसमध्ये निनावी भरण्यात फारसा अर्थ नाही, डॉक्टरांना कळवलेलं आहे, केस पेपरवर नोंद आहे. उलट ज्याने स्वतः पकडलं, स्वतः थांबवलं, लगेच डॉक्टर आणले, त्याच्या बाजूने हे सगळं बोलतं. हेच चार दिवसांनी दुसऱ्याकडून बाहेर आलं आणि तुमचा रिपोर्ट नाही, तर मात्र चित्र उलटं दिसतं.

सीनिअरना डावलून लिहू नका असं मला वाटतं, त्यांना सांगून लिहा. "मॅडम, केस पेपरवर आहेच, मग रिपोर्ट नसला तर तेच विचारतील, मी कोणाचं नाव लिहीत नाही, बँडचं आणि लेबलचं लिहिते" असं म्हणून बघा. बऱ्याचदा सीनिअरना स्वतःच्या जुन्या मेमोची आठवण असते, तुमच्याबद्दल राग नसतो. तरी नाहीच म्हणाल्या तर क्वालिटीच्या माणसाशी सरळ बोलायला हरकत नाही, त्याचा पगार त्यासाठीच आहे.

पेशंटला सांगायचं का? सांगायचं, पण तुम्ही एकटीने रात्री बेडशेजारी उभं राहून नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि एक सीनिअर यांनी बसून सांगायचं असतं, काय गेलं, त्याचा काय परिणाम होऊ शकतो, कशावर लक्ष ठेवतोय, आणि सरळ शब्दांत माफी. त्यांच्या शरीरात गेलेलं औषध आहे, ते कळणं त्यांचा हक्कच आहे, शिवाय उद्या घरी पुरळ उठलं तर ते कशामुळे हे त्यांना माहीत असायला हवं. नातेवाइकांना बहुतेक वेळा अंदाज आलेलाच असतो, कुजबुज ऐकलेली असते, आणि लपवलं म्हणूनच ते जास्त चिडतात.

एक बारीकसा फरक, कारण लोक गोंधळ करतात. औषध बरोबर, डोस बरोबर, पेशंट बरोबर आणि तरी पुरळ उठलं तर ती चूक नाही, तो साइड इफेक्ट किंवा रिॲक्शन, त्याचा वेगळा फॉर्म असतो आणि तो औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राकडे जातो. 1961 मध्ये गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळांमध्ये जन्मजात व्यंगं होतायत हे बाहेर आलं त्यानंतर ही व्यवस्था जगभर उभी राहिली. चुकीच्या पेशंटला जाऊन रिॲक्शन आली तर दोन्ही फॉर्म.

आणि कधी मोठा अपाय झाला तर आधी फोन, मग कागद. पंपाचे सेटिंग बदलू नका, व्हायल, सिरिंज, बाटली फेकू नका, एका पिशवीत घालून लेबल लावून ठेवा. सफाईवाल्यांनी कचरा नेला की अर्धी हकीकत गेली.

रिपोर्ट दिल्यावर काय होतं त्यावरही लक्ष ठेवा. उत्तर म्हणून नुसतं "सर्व स्टाफने काळजी घ्यावी" असं सर्क्युलर आलं तर समजा की काहीच झालेलं नाही. ट्रेनिंग आणि सूचना हे सगळ्यात कच्चे उपाय, कारण ते दमलेल्या माणसाच्या आठवणीवर टेकलेले असतात. पक्का उपाय म्हणजे चूक करता येणंच अवघड होणं. तोंडातून द्यायच्या औषधाची सिरिंज सलाईनच्या लाईनला बसतच नाही अशी बनवतात. व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध मणक्यात गेलं की जवळजवळ नेहमीच जीव जातो म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या बॅगेतून द्या असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं, कारण बॅग बघून कोणी मणक्यात द्यायला जाणार नाही. तुमच्या वॉर्डात याचं साधं रूप म्हणजे एका पेशंटला एक ट्रे, लेबलवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी नकोत, आणि बँड कापला तर ज्याने कापला त्यानेच तिथल्या तिथे दुसऱ्या हातावर बांधायचा. फॉर्ममध्ये "तुमच्या सूचना" असा रकाना असतो, तो लोक रिकामा सोडतात, हे तिथे लिहा. महिन्याभराने विचारा काय झालं म्हणून, विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की दोन रात्री झोप नाही, आणि पुढच्या ड्युटीला प्रत्येक बाटली पाच वेळा वाचता. हे अगदी होतं, 2000 साली अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरांनी चूक झालेल्या डॉक्टर-नर्सेसच्या या अवस्थेला सेकंड व्हिक्टिम, म्हणजे दुसरा बळी, असं नाव दिलं, कारण ते खरोखर इतकं लागतं. मला हेपॅरिननंतर कितीतरी दिवस पंपाचा बीप ऐकला की छातीत धस्स व्हायचं. जवळच्या एका सहकाऱ्याशी पूर्ण बोला, पेशंटचं नाव न घेता. पुढचे काही दिवस सलाईनमधली औषधं दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या, ती कमीपणाची गोष्ट नाही. महिन्यानंतरही झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

फॉर्म मात्र आजच भरा, ड्युटी नसली तरी जाऊन, कारण वेळा आणि बारीकसारीक गोष्टी दोन दिवसांत विसरल्या जातात. आत्ता एका कागदावर सगळं तुटक तुटक उतरवून काढा, मग त्यावरून फॉर्म. पेशंटचं नाव असलेला तो कागद नंतर फाडून टाका, घरी नेऊ नका, मोबाईलवर फोटोही नको. फॉर्मवर घटनेची तारीख आणि लिहिल्याची तारीख दोन्ही वेगवेगळ्या घाला, उशीर झाला तर उशीर झाला असंच दिसू दे.